लाल दोऱ्याचा जोड

गाडी आणायला आम्ही दोघे माझ्या मामांच्या गावी, मूंट्याला गेलो तो जूनमधला दुसरा शनिवार होता. गाडी माझ्या बायकोच्या, टॅम्सिनच्या काकाची. चौसष्ट सालची, फिकट हिरवी. केरीकाका गेला तेव्हा टॅम्सिन नऊ वर्षांची होती. पुढे तिची आजी नोरीन पॉलही गेली. घरात कुणालाच ती गाडी नको होती, म्हणून आजीच्या शेजारी राहणाऱ्या माझ्या कॉलिनमामांनी ती ठेवून घेतली. आता मामांना दोन डोळ्यांत मिळून अर्ध्या डोळ्याएवढं दिसतं. गाडी घेऊन जा, असा त्यांनीच निरोप पाठवला होता.

जेवणं झाली. किल्ली टेबलावर, मीठदाणीजवळ ठेवलेली होती. टॅम्सिननं ती उचलायला हात पुढे केला.

"सकाळी न्या," मामा म्हणाले. "अंधारात ही गाडी मी कुणाला देत नाही."

"का मामा? दिवे लागत नाहीत?"

"लागतात. नको तेव्हाही लागतात."

टॅम्सिन हसली. "दिव्यांचं आमच्या घराला वावडंच आहे. केरीकाका दिवे न लावता गाडी हाकत होता ना! बाबा अजून बजावतात मला, केरीसारखा गाढवपणा करू नकोस म्हणून."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "बस, पोरी. आधी ऐक. किल्ली घ्यायची की नाही ते मग ठरव."

चुलीत लाकूड सरकवून ते बोलू लागले.

"लेस ट्रेव्हॉरो. कडीनाला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. माझा चाळीस वर्षांचा दोस्त. हात असा, की जुन्या गाडीतला बिघाड वासावरून सांगायचा. त्याची एक पद्धत होती. तारेचा जोड पक्का करायचा तर कथील वितळवून डाग द्यायचा. वेळ नसेल तर तारांना पीळ द्यायचा, टेप गुंडाळायची आणि वर लाल दोरा बांधायचा. दोऱ्याचं टोक लांब सोडायचं, म्हणजे नजरेत भरतं. लाल दोरा म्हणजे काम राहिलंय, परत यायचंय. पक्का जोड झाला की दोरा कापून टाकायचा.

"अठ्ठ्याण्णव सालचा नोव्हेंबर. सत्तावीस तारीख, शुक्रवार, पाच वाजून गेलेले. केरी गाडी घेऊन आला. मागचे लाल दिवे लागत नव्हते. लेस म्हणाला, 'ही गाडी आहे की नाताळचं झाड? एक लावला की तीन विझतात.' डॅशबोर्डखाली बटणाजवळच तार तुटलेली. डाग द्यायची कांडी गार झाली होती, आणि आम्ही बारमध्ये त्याची वाट बघत होतो. त्यानं पीळ दिला, टेप लावली, दोरा बांधला. म्हणाला, 'सोमवारी आण.'

"केरीनं विचारलं, 'सोमवारपर्यंत टिकेल ना?'

"लेस म्हणाला, 'तुझ्यापेक्षा जास्त टिकेल रे.'"

मामा थांबले. टॅम्सिननं हात मांडीवर घेतले होते.

"शनिवारी रात्री केरी वॉलरूहून परतत होता. सुगीचे दिवस, धान्याचे ट्रक रात्रभर धावतात. गाडी रस्त्याकडेला उभी. केरी उजव्या दारातून आत, डॅशबोर्डखाली उताणा पडलेला. पाय बाहेर, रस्त्यावर. मागून ट्रक आला. दार वाकलं. गाडीला बाकी काही झालं नाही.

"चौकशीत दिव्यांचं बटण बंद सापडलं. निकाल लिहिला, गाडी दिव्यांविना चालवत होता. लेसला विचारलं, वायरिंग कसं होतं? लेस म्हणाला, ठीक होतं."

"आणि बटण?" टॅम्सिनचा आवाज बारीक झाला होता.

"बटण बंद करूनच तारेला हात लावायचा, हे केरीला शिकवलं कुणी? लेसनंच. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो ते सुनवायचा. लाल दिवे गेलेत हे केरीला वाटेत कळलं असणार. थांबला. बटण बंद केलं. आणि तो दोरा शोधायला वाकला."

चुलीतलं लाकूड तडकलं.

"तुझे आजोबा, गार्थ, मरेपर्यंत म्हणत राहिले, पोरगं बेफिकीर होतं. त्याच्या थडग्यावर एकदाही गेले नाहीत. ते गेल्यावर नोरीननं शेडमधली गाडी ट्रेलरवर चढवली आणि लेसच्या दारात आणून उभी केली. दोन हजार नऊ. अकरा जून, गुरुवार. सोबत दोन पेस्ट्या, खिमा-बटाटा भरून भाजलेल्या. आपल्याकडे कोपऱ्यावर ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर कोरतात तशा. एकीवर लेसचं अक्षर. दुसरीवर केरीचं.

"लेस बघत राहिला. ती म्हणाली, 'सवय आहे रे. एक जास्तीची होतेच. तूच खा.' मग म्हणाली, 'सगळं वायरिंग नवं कर. पण जुनं काढण्याआधी नीट बघ. त्या रात्री त्यानं दिवे लावले होते का, एवढंच मला हवंय. गार्थ नाही म्हणत गेला. मी मरायच्या आत कुणीतरी मला खरं सांगा.'

"लेसनं मान डोलावली.

"त्या रात्री त्यानं दुकान आतून बंद केलं. गाडीची बॅटरी उतरवून बाकावर ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा. हातदिवा घेऊन तो गाडीत शिरला, डॅशबोर्डखाली उताणा झाला. पाय उजव्या दारातून बाहेर.

"दोरा होता. विटलेला, पण घट्ट. टोक लांब. लेसनं टेप उलगडली. आत दोन्ही तारा सुटलेल्या. दोरा टिकला होता. जोड टिकला नव्हता.

"मग त्याला उजेड दिसला.

"मागच्या बाजूला. दुकानाच्या पत्र्याच्या दारावर. लाल.

"मागचे दिवे लागले होते.

"लेसनं मान वळवली. बॅटरी बाकावर होती. तार त्याच्या हातात होती... तुटलेली.

"मग उजवीकडचा उजेड झाकला गेला. कुणी दिव्यासमोरून चालत जावं तसा. पुन्हा दिसला.

"पाऊल वाजलं नाही.

"लेस उठायला गेला. उठवेना.

"मग त्याच्या घोट्यांना हात लागले. दोन हात. गार. ओढलं नाही... धरलं नाही... हळूच उचलले त्याचे पाय. आणि आत सरकवले. गाडीच्या आत. झोपलेल्या लहान मुलाचे सरकवावेत तसे.

"आणि दाराजवळून वारा गेला. मोठा. बाकावरचे लोखंडी पाने खडखडले, घड्याळ भिंतीवरून पडलं. बंद दुकानात.

"नंतर... काही नाही. अंधार."

मामांनी चुलीत आणखी एक लाकूड घातलं. टॅम्सिन रडत नव्हती. एकटक त्यांच्याकडे बघत होती.

"पहाटे लेस माझ्याकडे आला. इथेच बसला, तू बसली आहेस त्या खुर्चीवर. पायांना राहून राहून हात लावत होता. सगळं सांगितलं. म्हणाला, 'माझ्यामुळे मेला तो, कॉलिन. आणि मलाच बाजूला घेतलं त्यानं.'

"मी म्हटलं, 'आता नोरीनला सांग.'

"चार दिवसांत त्यानं नवं वायरिंग केलं. प्रत्येक जोडाला डाग दिला. जुन्या तारा पिंपात घालून जाळल्या. नोरीन आली तेव्हा मी तिथे होतो. तिनं विचारलं, 'सापडलं काही?'

"लेस म्हणाला, 'उंदरांनी कुरतडलं होतं सगळं, मिसेस पॉल. काही सांगता येत नाही.'

"ती उभी राहिली. हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवून. म्हणाली, 'म्हणजे गार्थचंच खरं.' आणि मग, 'काम छान केलंस हं, लेस.'"

"आणि तुम्ही?" टॅम्सिननं विचारलं.

"मी तिला दार उघडून दिलं."

"आजी त्यानंतर किती वर्षं होती, मामा?"

"पाच. लेस तिच्याआधी दोन वर्षं गेला."

"म्हणजे लेस गेल्यावरही दोन वर्षं."

"हो. त्या कुंपणापलीकडे. तिच्या गुलाबांना पाणी घातलं, कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. दर रविवारी पेस्टी खाल्ली तिच्या हातची. एवढं सांगितलं नाही. आधी वाटलं, लेस दोस्त आहे. लेस गेल्यावर वाटलं, आता कशाला म्हातारीला... मग तीही गेली."

"शुद्ध हरपेपर्यंत विचारत होती ती," टॅम्सिन म्हणाली. "आम्ही तिला गप्प करायचो."

मामांनी मान खाली घातली. म्हणाले, "गाडी माझ्याकडे आल्यावर रेडिओ बसवायला मी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं. लेसचं नवं काम. काळी टेप, एकही सुरकुती नाही. आणि त्याच जागी लाल दोरा. टोक लांब सोडलेलं. लेसनं दोऱ्याचं रीळ केरीला पुरलं त्याच दिवशी जाळलं होतं. मी समोर होतो. आणि डाग दिलेल्या जोडाला दोरा बांधतंच कोण? लेसचं काम राहिलं होतं, नोरीनला सांगायचं. मी तो सोडला नाही. झाकण लावलं. अजून आहे तिथे."

टॅम्सिन उठली. दारामागच्या खुंटीवरचा टॉर्च घेतला, टेबलावरची किल्ली घेतली. मीही उठलो, तर तिनं हातानं थांबवलं. अंगणात गाडीचं वाकडं दार करकरलं. खिडकीतून टॉर्चचा उजेड खाली गेलेला दिसला. तो तिथेच राहिला. मला वाटलं होतं त्याहून बराच जास्त वेळ.

ती परत आली आणि किल्ली पुन्हा मीठदाणीजवळ ठेवली.

"मामा, तुम्ही झाकण शेवटचं कधी उघडलंत?"

"तेव्हाच. दहा वर्षं होऊन गेली. आता मला सुईएवढं काही दिसत नाही, तुला माहीत आहे."

"किती दोरे होते?"

"एक."

टॅम्सिननं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"दोन आहेत," ती म्हणाली. "एक विटलाय. दुसरा नवा कोरा आहे. त्याचंही टोक लांब सोडलंय."