समोरासमोरचे दोन दरवाजे

सफोकमधल्या या कोठाराचे दरवाजे माझ्या आजोबांनी बसवलेले. एक पश्चिमेला, एक पूर्वेला, अगदी समोरासमोर, भरलेली गाडी सरळ आत शिरेल एवढे. मधे ओकच्या फळ्यांचं खळं. इथे मळणी व्हायची, मग दोन्ही दरवाजे उघडून उफणणी. हलकं ते वाऱ्याबरोबर जायचं, जड ते खाली राहायचं. आजोबांचा एकच दंडक होता: दरवाजे उघडताना खळ्यावर माणूस नको. डोळ्यांत भुसा जातो म्हणून असेल, असं मला वाटायचं.

तीनशे वर्षं उभ्या असलेल्या या वास्तूचा लंडनच्या अ‍ॅशकोम साहेबांनी बंगला करायला घेतला. करा बापडे! पण पूर्वेचा दरवाजा काढून तिथे विटांची भिंत घातली. मला नुसता संताप आला.

"साहेब, एकच दरवाजा ठेवून कोठार चालत नाही. वारा आत आला की बाहेर जायला नको?"

"मिस्टर थर्केटल, वाराच नकोय मला," ते म्हणाले. "माझ्या बायकोची, फिलिपाची, छाती नाजूक आहे. तिच्यासाठीच तर गावात आलोय. तुम्ही आपलं जिन्याचं बघा."

जिन्याचं बघ म्हणे! चाळीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला!

आठवड्याभराने भिंतीच्या पायथ्याशी भुसा दिसला. मूठभर, पिवळाधमक. या कोठारात सत्तर वर्षांत मळणी झालेली नाही. मी झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी घमेलंभर. हातात घेतला तर कोमट लागला, नुकता झोडपल्यासारखा.

"तुमच्याच रंध्याचा कचरा," साहेब म्हणाले.

गव्हाचा भुसा आणि लाकडाचा भुसा यातला फरक न कळणारा माणूस शेतावर राहायला येतो! मी दातओठ खाल्ले.

भुसा गुडघ्यापर्यंत आला तेव्हा फिलिपाबाई खोकू लागल्या. बाई भल्या. रोज मला चहा आणून देत, जॅम लावलेला पाव देत. आता दोन शब्द बोलल्या की भिंतीला हात टेकत. डॉक्टरांना छातीत काही सापडेना. एका दुपारी त्यांनी रुमाल उघडून दाखवला. आत तीन फोलपटं होती, ओली.

"एडविन," त्या कुजबुजल्या, "यांना सांगू नका. मला परत लंडनला नेतील."

मग माझा तोल सुटला. साहेब बाहेर आर्किटेक्टशी फोनवर बोलत होते. मी पश्चिमेचा दरवाजा सताड उघडला, घण घेतला आणि भिंतीवर घातला.

"अहो, काय करताय?" साहेब धावत आले. "पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा! बायको गुदमरतेय तुमची आणि तुम्हाला विटांची पडलीय!"

आठ घाव घातले. नवव्याला भिंत बाहेर कोसळली.

वारा आला.

इतका मोठा वारा मी या गावात कधी पाहिला नाही. सगळा भुसा एकदम उठला. त्या पिवळ्या धुरळ्यात बाई उभ्या होत्या, खळ्याच्या मधोमध. त्यांनी खोल, पोटभर श्वास घेतला. खोकला नाही.

"किती हलकं वाटतंय!" त्या हसून म्हणाल्या.

तेव्हा मला आजोबांचा दंडक आठवला.

"बाई, बाजूला व्हा!" मी ओरडलो.

भुसा माझ्या अंगावरून, मोडलेल्या भिंतीतून, शेतावर गेला. मग वारा पडला. साहेब बायकोला हाका मारत बाहेर धावले. नांगरलेली जमीन ओली होती, तिच्यावर एकही पाऊल नव्हतं.

मी आत वळलो. खळं लख्ख झालं होतं. मधोमध बाईंचे बूट होते, जोडीनं, नाड्या बांधलेलेच. शेजारी लग्नाची अंगठी पडली होती.