दादामामाने न तपासलेली गाडी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. अर्धं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय आणि शेवटचा भाग मी डोळ्यांनी पाहिलाय. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

वेळही रात्रीची नव्हती हो. मंगळवार, भर दुपारचे दोन. जागा मामाचं गॅरेज. पुढे शटर, मागे जेवायची एक खोली.

ते गॅरेज मामाने आणि त्याच्या थोरल्या भावाने मिळून उभं केलेलं. थोरला तो आमचा दादामामा. टायमिंग बेल्टवर त्याचा हात बसलेला. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या चाकांची चाल जुळवणारा दातेरी पट्टा. ढिला राहिला की दात सरकतो, आणि दात सरकला की चालत्या गाडीत इंजिन खलास.

दादामामाचा नियम ठरलेला. पट्टा चढवायचा, ताण द्यायचा, नट आवळायचा. मग पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळल्या का बघायच्या, ताण पुन्हा तपासायचा. त्याशिवाय चावी लावायची नाही.

बारा वर्षांपूर्वी एका गाडीचा पट्टा बसवताना मामाने ते दोन फेरे गाळले. घाई, दुसरं काय!

चौथ्या दिवशी ती गाडी उतारावर बंद पडली. मागून ट्रक आला.

गाडीतली बाई जागच्या जागी गेली.

तिचा नवरा गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. "पट्टा कोणी बसवला होता?"

मामाने बोट दाखवलं… दादामामाकडे.

दादामामाने भावाकडे एकदा बघितलं, हात पुसले आणि घरी गेला. पुन्हा गॅरेजची पायरी चढला नाही. खचला तो खचलाच. वर्षाच्या आत गेला.

आणि आमचा मामा? भाऊ गेल्यावर आठवड्याने गॅरेजवर हजर!

पहिलाच टायमिंग बेल्ट आला. मामाने बसवला, शटर आतून ओढलं आणि मागे जेवायला बसला. पहिला घास तोंडात गेला आणि…

कट्… कट्… कट्…

पाना फिरत होता.

मामा उष्ट्या हाताने धावत आला. गॅरेजात कोणी नव्हतं. शटर बंदच. पण नट नव्याने आवळलेला होता, पट्ट्याचा ताण बदललेला होता. आणि पाना…

पाना गाडीच्या डाव्या बाजूला ठेवलेला.

मामा उजव्या हाताचा. डावखुरा होता तो दादामामा.

मग हे नेहमीचंच झालं. मामा कितीही जपून करो, दोनाचे चार फेरे फिरवो, जेवायला बसला की आवाज यायचा. अकरा वर्षं त्या माणसाने दुपारचं धड खाल्लं नाही. गिऱ्हाईकं म्हणायची, "तुमच्या हाताला तोड नाही हो!" मामा मान डोलवायचा. लाज कोळून प्यायला होता म्हणा ना! पण आतून जळत होता. मेलेला भाऊ आपल्या हातावर भरवसा ठेवत नाही, हे रोज कसं गिळायचं?

खरं कुणाला सांगावं, एवढं मात्र त्याला सुचलं नाही.

आणि तो मंगळवार उजाडला.

गाडी मामाच्या लेकीची होती. ती नर्स. दुसऱ्या दिवसापासून रोज डोंगरातल्या रस्त्याने नव्या दवाखान्यात जायचं होतं, मागच्या सीटवर दोन वर्षांची पोर घेऊन. मामाने पट्टा बसवला. फेरे फिरवले, खुणा जुळल्या. इंजिनाचं झाकण मुद्दाम उघडं ठेवलं आणि ताटावर जाऊन बसला.

एक घास… दुसरा घास…

काहीच नाही.

जेवण संपलं. पाना होता तिथेच, उजवीकडे.

मामाला घाम फुटला. त्याने मला फोन केला. "गाडी काढ. वहिनीकडे जायचंय."

थोरल्या मामीसमोर तो खाली मान घालून बसला. "वहिनी, तो पट्टा मी बसवला होता. दादाने नाही."

मामीने त्याच्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाली, "बारा वर्षं वेळ मिळाला नाही, भाऊजी. आज स्वतःच्या लेकीची गाडी आली म्हणून आलात होय?"

मामा उठून चपला घालू लागला.

गॅरेजवर परत आलो. शटर उघडलं. मामा आधी पान्याकडे धावला…

उजवीकडेच.

तेवढ्यात लेक आली. "बाबा, झाली ना गाडी? चावी द्या."

मामाने ब्लेड उचललं आणि नवाकोरा पट्टा अर्ध्यापर्यंत चिरला.

"बाबा! डोकं फिरलंय का तुमचं?"

"दुसरीकडे ने. माझ्या हातची नको," एवढंच म्हणाला आणि खाली फरशीवर बसला. त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

गाडी ओढून दुसऱ्या गॅरेजला नेली. मी सोबत होतो. तिथल्या मेकॅनिकने चिरलेला पट्टा चिमटीत धरून पिळून पाहिला, दोन फेरे फिरवले, खुणा बघितल्या.

"ताण अगदी नेमका आहे. खुणा जागेवर. इतका चांगला बसवलेला पट्टा चिरला कोणी?"

हे मी मामाला सांगितलं. सांगायला नको होतं.

त्या दिवसापासून त्याने पान्याला हात लावलेला नाही. मी गेलो की जवळ बसवतो आणि तेच विचारतो, "काम बरोबर होतं म्हणून दादा आला नाही… की माझ्या लेकीचं काय वाटेल ते होवो म्हणून?"

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो.