त्रेसष्ट होकार

सुलभा गवस शेताच्या बांधावर आली तेव्हा नुकतं उजाडत होतं. खांद्यावर गावाची बंदूक होती. ती घरोघर पाळीनं फिरायची. आज पाळी गवसांची.

भातात काहीतरी हललं. ठेंगणं, काळपट, वाकलेलं.

डुक्कर.

तिनं नेम धरला आणि चाप ओढला.

पण या बंदुकीचा चाप ओढला म्हणजे गोळी सुटतेच असं नाही. इथं क्षणभर थांबायला हवं.

चार वर्षांपूर्वीचा न्यायालयाचा निकाल. त्यातली तीन वाक्यं: जगण्याचा हक्क एकेका माणसाचा आहे. शस्त्राचा हक्क एकेकट्याचा मानता येत नाही. तो असलाच, तर समूहाचा आहे.

एका न्यायमूर्तींनी असहमती नोंदवली होती. त्यांचं एकच वाक्य: चाप समूह ओढत नाही, बोट ओढतं.

निकालानंतर पीकसंरक्षणाचे खाजगी परवाने रद्द झाले आणि गावागणिक एक बंदूक आली. तिच्यात संमतीकुलूप. गावात प्रौढ माणसं त्रेसष्ट, म्हणून मनगटात घालायची त्रेसष्ट होकारकडी. चाप ओढला की बंदुकीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्र प्रत्येकाच्या मनगटावर उमटणार. बघायचं, पटलं तर कडं दाबायचं. आठ सेकंदांत बत्तीस होकार आले तरच कुलूप सुटणार.

आता पुन्हा बांधावर.

चाप ओढला: शून्य सेकंद.
होकार: त्रेसष्टपैकी त्रेसष्ट.
लागलेला वेळ: अर्ध्या सेकंदाहून कमी.
गोळी सुटली.

"आई गे!"

डुक्कर आई गे म्हणत नाही.

सुलभा चिखलातून धावली. शेजारचा उल्हास दळवी फुटलेला बांध बुजवायला वाकला होता. अंगावर पावसाचं काळं इरलं, हातात मातीचं ढेकूळ. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ते ढेकूळ त्याच्या मुठीत होतं. मग मूठ सुटली.

दुपारी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात चौकशी अधिकारी मीनल ढोबळे यांनी नोंद तीनदा वाचली.

"अर्ध्या सेकंदात त्रेसष्ट माणसांनी चित्र पाहिलं? यात मारणाऱ्या बाईंचाही होकार आहे. आणि मरणाऱ्याचासुद्धा."

शिपाई दत्ताराम नाईक उठला आणि त्यानं कपाट उघडलं.

आत लाकडी दांड्यावर त्रेसष्ट कडी ओवलेली होती. वरून फळी, फळीवर सुंभ आवळलेलं. सगळी कडी दाबलेली. कायमची.

"हे कोणी केलं?"

"मियां बांधलंय," दत्ताराम म्हणाला. "पण ग्रामसभेन सांगितला म्हणान. लावणीच्या चिखलात कडी घालूक जमत नाय. गेल्या म्हयन्यात एकोणतीसच होकार इले, डुकरांनी अर्धी वाडी खाल्ली. मगे ठराव झालो. सगळ्यांनी हात वर केले."

ठरावावर सह्या होत्या. सभेला न आलेल्यांच्या सह्या दत्तारामनं नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी वही घेऊन घरोघर घेतल्या होत्या. सुलभाची होती. उल्हासची होती.

सुलभा कपाटाकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, कडी इथं ठेवली आहेत आणि दत्ताराम त्यांच्यासमोर बसून चित्र बघतो, मगच ती दाबतो.

"तू बघत नाय होतंस?" तिनं विचारलं. "माका अंधुक उजेडात नीट दिसला नाय रे! म्हटलंय, माणूस असलो तर तू कडी दाबूचंस नाय. तू बघतंस म्हणानच मी चाप ओढलंय!"

"बंदूक तुझ्या हातात, वयनी," दत्ताराम म्हणाला. "माका वाटला, तू बघून ओढतलंस."

ढोबळेबाईंनी कायद्याचं पुस्तक मिटलं.

"सुलभाताई, तुम्ही घरी जा. कायद्यानं ही गोळी गावानं झाडली आहे. बहुमत पूर्ण आहे. गुन्हा गावावर नोंदवला जाईल, एका माणसावर नाही. तुमचं नाव लिहायला या नमुन्यात रकानाच नाही."

"म्हणजे मी नाय मारलंय?"

"कायद्याच्या दृष्टीनं, नाही."

बाकावरची माणसं हळूहळू उठू लागली. कोणाच्या तरी तोंडून सुटकेचा निःश्वास बाहेर पडला आणि सगळ्यांनीच तो ऐकला. सुलभा मात्र दारात उभी राहिली, वाट अडवून. समोरच्या रस्त्यापलीकडे दळव्यांच्या अंगणात उल्हासची बायको निशा बसली होती, इकडेच बघत.

"मगे तिच्यासमोर जावन," सुलभानं विचारलं, "कोण उभो रवतलो?"