कोकिळेची नखी

आर्वीत माझं कापडाचं दुकान होतं. जन्मभर कापड फाडून फाडून मनगट लाकडासारखं झालं. बायको, कोकिळा, दुपारी मेंडोलिन वाजवे, अन् मी म्हणे, "काय किरकिर लावली वं?" ती गेली अन् दुपारी घर खायले उठू लागलं. तीच किरकिर पुन्हा घरात पाहिजे होती मले. बस.

वर्षश्राद्ध होईस्तोवर वाद्याले हात लावला नाई. मंग तिचाच मास्तर, प्रफुल्ल, रविवारी मले शिकवायले येऊ लागला. तार छेडायची तिची प्लास्टिकची नखी कुंकू लावून फोटोपुढं ठेवली होती. मेंडोलिन तिचंच घेतलं, पण तिच्या बोटांतली ती नखी वापराले मन होईना, म्हणून मी माझ्यासाठी नवी घेतली.

"खाली-वर, खाली-वर," प्रफुल्ल सांगे. "जलद झालं का सूर सलग वाहते." माझा खालचा ठोका बसे. वर येताना हात तारेले लागतच नसे.

"काका, काऊन आखडून राह्यला हात?"

"तुह्या बापानं फाडलं काय एवढं कापड?"

एका दुपारी एकटाच खालचे ठोके देत बसलो होतो. टण्. टण्. अन् मधातच एक टिण् आला. नाजूक, वरचा. मी थांबलो, तर तोही थांबला. वाजवलं, तर आला. अंगावर काटा अन् डोळ्यांत पाणी, दोन्ही संगंच आलं.

रविवारी प्रफुल्लनं डोळे मिटून ऐकलं. "वा काका! असा वरचा ठोका फक्त काकूंचा..." त्यानं डोळे उघडले. वर येताना माझा हात तारेपासून बोटभर दूर होता. तो पाहतच राह्यला.

मंग त्यानं चपला घातल्या. "काका, मी नाई येणार आता."

नको येऊ. आम्ही दोघं वाजवत होतो न.

काल फोटो पुसाले घेतला. तिच्या नखीवरचं कुंकू उडालं होतं. एका कडेनं झिजून नखी अर्धीच उरली होती. खाली प्लास्टिकचा बारीक भुगा.

धावतच जाऊन नवी आणली, तिथं ठेवली. दुपारी नुसतं टण्. टण्. जुनी परत ठेवली, तेव्हाच ती आली.

म्हणून आज थोडंसंच वाजवलं, पुरवून पुरवून. मेंडोलिन खुंटीले टांगलं अन् चहा मांडाले गेलो.

मागून टिण् आला.

मंग टिण्टिण्टिण्. जलद, सलग.

मी गॅस बंद केला.

"हळू वं कोकिळे," मी म्हटलं. "संपून जाते न ते."