दोन सिलिंडरांचा ठेका

दर मंगळवारी मी लातूरहून निलंग्याला जायचे. तिथल्या एका दवाखान्यात दिवसभर लोकांचे कान तपासायचे आणि चारच्या एसटीनं परत यायचे. डिसेंबरातला तो मंगळवार. परतताना खिडकीतून उतरतं ऊन मांडीवर येत होतं, बाहेर तुरी पिकून उभ्या होत्या. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात पुढच्या सीटवरून इंजिनाचा धडधडाट सुरू झाला.

मोबाईलचाच आवाज होता तो. एक तरुण फोन डाव्या कानाशी धरून, डोळे मिटून मोटारसायकल ऐकत होता... एखाद्यानं गाणं ऐकावं तशी. कंडक्टर दोनदा बोलून गेला, त्याचं लक्ष नाही. शेवटी मीच पुढं वाकले.

"अहो, आवाज जरा कमी करता का?"

तो वळून हसला. "हाव, लई भारी आवाज हाय."

"कमी करा म्हणतेय मी."

"नवीच निघाली. नॉर्टन म्हणून इंग्लंडची कंपनी हाय, तिची अ‍ॅटलस. पाचशे पंच्याऐंशी सीसी, दोन सिलिंडर." आणि त्यानं फोन माझ्यासमोर धरला.

सगळी बस हसली. मला हसू आलं नाही. मी बोलले की तो आधी माझ्या ओठांकडं बघायचा, मग डावा कान पुढं करायचा. असे लोक मी रोज बघते.

"काम काय करता तुम्ही?" मी हळू आणि सुटं सुटं विचारलं.

"मळणी यंत्र हाय आमचं. अकरा सीझन झाले."

मी पर्समधून आमच्या कानतपासणी सेंटरचं कार्ड काढून दिलं, त्यावर नुसता सेंटरचा पत्ता होता. त्यानं ते नीट वाचलं. "कानाची डॉक्टर?"

"डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट."

"मंजी?"

"म्हणजे... तुम्हाला काय ऐकू येत नाही, ते सांगणारी."

त्याचं हसू मावळलं. लामजन्याला तो उतरला आणि बस हलेपर्यंत खाली कार्ड हातात धरून उभा राहिला.

आठवड्यानं तो लातूरला आमच्या सेंटरवर आला. भागवत त्याचं नाव. केस नीट बसवलेले, इस्त्रीचा शर्ट, आणि हातांवर न निघणारं ग्रीसचं काळं.

"मला कानात मशीन-बिशीन नको मॅडम," त्यानं आधीच सांगितलं. "फकस्त एक सांगा. पयले मी इंजिन ऐकून सांगायचो, व्हॉल्व्ह ढिला हाय का बेरिंग गेलंय. आजूबाजूच्या धा गावांतले ट्रॅक्टर माझ्याकडं यायचे. ह्या अ‍ॅटलसचा ठेका येगळा हाय म्हणत्यात. दोन ठोके सारख्या अंतरावर पडत न्हाईत. एक, लगेच दुसरा, मग जरा दम... लंगडी घालणाऱ्या पोरीवानी. मला ते कळून नाही राहिलं. नुसती घरघर येती."

"घ्यायची आहे का तुम्हाला ती?"

"घ्यायची न्हाई हो. ऐकायची हाय."

तीन वर्षं मी हे काम करत होते. कुणी सर्टिफिकेटसाठी यायचं, कुणाला घरचे ओढून आणायचे. एका सुंदर आवाजासाठी आलेला हा पहिलाच माणूस. त्याला तपासणीच्या खोलीत बसवताना माझे हात उगीच हळुवार झाले.

मग मी यादीतले शब्द म्हणायला लागले. तो ऐकू येईल तसे परत म्हणत होता. 'सून' म्हटलं, तो म्हणाला 'ऊन'. 'साप' म्हटलं, तो म्हणाला 'आप'. तपासणी झाल्यावर मी त्याला यादी दाखवली.

"मळणी यंत्रानं तुमचे वरचे, बारीक आवाज खाल्ले आहेत. 'स' ऐकूच येत नाही तुम्हाला. हे बघा, मी 'सून' म्हटलं होतं."

तो यादीकडं बघत राहिला. "आमच्या आईला आजकाल तेवढंच ऐकू येतंय," तो म्हणाला.

मला हसू आवरलं नाही. मग तोही हसला, आणि त्या हसण्यानं... जाऊ दे. फाईलवर मी तारीख चुकीची लिहिली, एवढं सांगते.

पण मशीनचं नाव काढलं की तो उठायचा. "कानात मशीन दिसली की पोरीवाले चहा न घेता उठत्यात मॅडम. आई रडती मग."

"सगळ्या पोरी तशा नसतात," मी म्हणाले. पण बोलताना खाली बघत होते. त्याला ते ऐकू गेलं नाही. तो गेला.

जानेवारीचे तीन आठवडे तो आला नाही. मंगळवारी बस लामजन्याला थांबली की मी उगीच मान वळवायचे. घरी जेवताना फोनवर नॉर्टनचे व्हिडिओ बघायचे. अ‍ॅटलस, आणि तिची लांबच्या पल्ल्याची जोडीदार अ‍ॅटलस जीटी. मला दोन्ही सारख्याच दिसायच्या. ठेका मात्र मला स्पष्ट कळायचा, आणि तो त्याला कळत नाही याचं वाईट वाटायचं.

मग एका सकाळी सेंटर उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला दिसला. डोळे सुजलेले.

"काल तुरीची मळणी चालू होती," तो म्हणाला. "आमच्या गड्याची, संगमेश्वरची बाही यंत्रात गेली. तो वरडला. दोनदा वरडला म्हणे. मी हाताच्या अंतरावर हुतो मॅडम, मला न्हाई आलं ऐकू. दुसऱ्यानं बंद केलं."

"आणि संगमेश्वर?"

"शर्ट फाटला. खरचटलं. वाचला." त्यानं तळवे तोंडावरून फिरवले. "बसवा मशीन. पोरगी न्हाई मिळाली तर न्हाई मिळाली."

बसवायला चार दिवस लागले. मी दोन्ही कानांमागं मशीन नीट बसवलं आणि सुरू केलं. तो ताठ झाला.

"हे टिकटिक काय वाजून राहिलंय?"

"घड्याळ. भिंतीवरचं."

त्यानं पाय हलवले, चपलेचा आवाज ऐकला. शर्टाची बाही चोळून बघितली. मी फाईल ओढली तसा तो थबकला.

"तुमच्या बांगड्या... एवढे दिवस वाजत हुत्या व्हय?"

"हो."

"लई नुकसान झालं माझं."

मी फाईलमध्ये तोंड घातलं. तेवढ्यात बाहेरून माझी सहकारी वर्षाराणी हिनं हाक मारली, "सुकन्या, चहा आलाय." भागवतनं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सुकन्या? मी तर उकन्या समजून राहिलो हुतो. म्हटलं, असंल शिकलेल्या लोकांत."

पुढच्या वेळी तो आला, तेव्हा मी त्याला वर्षाराणीच्या खोलीत पाठवलं. पाच मिनिटांत तो बाहेर आला.

"माझी फाईल दुसरीकडं दिली म्हणं. माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग?"

"उन्हाळ्यात हैदराबादला ती अ‍ॅटलस येणार आहे म्हणालात ना? शोरूमला. तुम्ही ऐकायला जाणार..." मी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. "पेशंटबरोबर मला हैदराबादला जाता येत नाही."

 तो हळूच म्हणाला, "मी पेशंट न्हाई आता. वर्षाराणी मॅडमला इचारा."

मे महिन्यात आम्ही गेलो. आम्ही म्हणजे तो, मी आणि त्याच्या आई गुणाबाई. "मला बी बघू दे, काय असं सोनं हाय त्या गाडीत," म्हणत त्यांनी भाकरी बांधून घेतल्या होत्या.

शोरूममधल्या माणसाला भागवतनं सरळ सांगितलं, "साहेब, घ्यायची ऐपत न्हाई आज. एकदा चालू करून दावाल का?" तो माणूस भला होता. त्यानं भागवतच्या कानांकडं बघितलं, गाडी मागच्या अंगणात नेली आणि बटण दाबलं.

भागवत उकिडवा बसला, डोळे मिटले. पहिल्यांदा काहीच नाही. मग त्याचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. एक, लगेच दुसरा, मग जरा दम. एक, लगेच दुसरा... बोट चुकत नव्हतं. त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. शेजारी उभ्या गुणाबाई गाडीकडं बघतच नव्हत्या. पोराकडं बघत होत्या.

"आलं," तो मला म्हणाला. "सगळं आलं ऐकू."

मी मान हलवली. 

परतीची रेल्वे भालकी स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबली. पंखे बंद पडले, डबा शांत झाला. भागवत आमच्याकडं पाठ करून खिडकीतून फलाटावरचं ऊन बघत होता. गुणाबाई माझ्याकडं सरकल्या. गेली कित्येक वर्षं त्या घरात भागवतच्या पाठीमागं सगळे ज्या आवाजात बोलत आले, त्याच आवाजात त्या कुजबुजल्या.

"पोरी, एक इचारू का? राग मानू नको. त्याचं ध्यान न्हाई तवर सांग... तुला चालंल का माझा भागवत?"

त्या विसरल्या होत्या. माझ्या समोरच त्याचे कान होते, मागं मशीन बसवलेले. बघता बघता दोन्ही पाळ्या लाल झाल्या. तो वळला नाही. श्वाससुद्धा घेत नसावा.

मला खुणेनं गुणाबाईंना सावध करता आलं असतं. मी केलं नाही. उलट आवाज आणखी खाली आणला. इतका खाली, की त्या म्हातारीला माझ्या तोंडाजवळ कान आणावा लागला.

"चालेल, आई," मी म्हणाले. "केव्हापासून चालतंय... त्यांनी विचारलंच नाही."

गुणाबाईंनी माझा हात घट्ट धरला. "बरं झालं गं माय. घरी गेल्यावर मी सांगते त्याला, बेतानं."

"आई," खिडकीकडं तोंड करूनच भागवत म्हणाला, "सांगायची गरज न्हाई."

गुणाबाईंनी पदर तोंडावर धरला. मग त्यांना हसू फुटलं, हसता हसता रडू आलं. भागवत वळला आणि आमच्यासमोर येऊन बसला. माझ्याकडं बघायचं धाडस त्याला काही झालं नाही, मलाही नाही. त्याच्या आईनं हात पुढं करून त्याच्या कानामागच्या त्या एवढ्याशा मशीनला बोट लावलं, आणि दोन्ही हात जोडले.

मीही जोडले.