धुराची बाजू

माझा भोपळा लाटांनी नेला नसता, तर चांगहोची न् माझी गाठ पडलीच नसती. शंख काढून पाण्याखालून वर आले, तर भोपळा गायब! त्यालाच धरून तर आम्ही बुड्या मारणाऱ्या बायका दम खातो. समुद्र करडा, वर झिमझिम पाऊस... मी नुसती हातपाय मारतेय, तेवढ्यात एक होडी जवळ आली.

"हा भोपळा तुमचा का हो?" वरून एक तरणा माणूस हसत विचारत होता.

"माझाच. द्या इकडे."

"नाव सांगा, मग देतो."

"सुकजा... द्या ना आता!"

"एवढ्या खोल पाण्यात येता, आणि भोपळा सांभाळता येत नाही?"

"चुकून आले," मी म्हटलं.

तेव्हा मी सगळं चुकूनच करत होते. बुसान शहरातल्या बुटांच्या कारखान्यातून 'हात मंद आहे' म्हणून काढून टाकलेली मुलगी मी. जेजू बेटावर घरी परत आले, तेव्हा बापानं तोंड फिरवलं. आई समुद्रात उतरायची, म्हणून मीही उतरले, एवढंच.

आमच्या गावात पाण्यातून आलं की बायका किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसतात. धूर जिकडे जातो ती बाजू शिकाऊ पोरींची. वाऱ्याकडची बाजू खोल पाण्यात जाणाऱ्यांची. ऊठ म्हणून कुणी सांगत नाही, जिची तिनं ओळखून जागा बदलायची. मी कित्येक हिवाळे धुरातच बसले होते. धुराची एक सोय असते... डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणी काही विचारत नाही.

चांगहो मग रोज धक्क्यावर भेटायला लागला. येताना खिशात एखादं संत्रं असायचंच.

"वर आल्यावर तुम्ही शिट्टीसारखा श्वास सोडता ना, त्यातली तुझी मला बरोबर ओळखू येते," एकदा म्हणाला. "पार यांगमावशीच्या शेजारून येते."

यांगमावशी म्हणजे आमची म्होरकी, सगळ्यांत खोल जाणारी.

"थापा मारू नकोस."

"करून दाखवू?" त्यानं ओठांचा चंबू केला. मला हसू फुटलं... आणि लगेच मी ते आवरलं. इतकं चांगलं काही माझ्या वाट्याला कसं येईल?

हिवाळा सरत आला, तेव्हा त्यानं सांगितलं, लांबच्या मासेमारीच्या जहाजावर काम मिळतंय. दोन वर्षं.

"तू थांब म्हण, सुकजा... थांबतो."

जीव नुसता गलबलला. पण तोंडातून निघालं भलतंच, "माझ्यात काय ठेवलंय? एखादी चांगली बघ."

त्यानं खिशातलं संत्रं काढून माझ्या हातावर ठेवलं.

"मला नको म्हण, चालेल," तो म्हणाला. "पण तुझ्याबद्दल असं बोललेलं मला ऐकवत नाही गं."

जहाज सुटायच्या दिवशी मी धुरात बसून मनसोक्त रडत होते. यांगमावशी एकदम खेकसली, "अगं ए सुकजा! अजून किती दिवस तिथं बसणार? तुझ्यासाठी जागा सोडून ठेवलीय, तर वारा आमच्या अंगात घुसतोय!"

मी बघतच राहिले. खरंच, मावशी आणि तिच्या शेजारची बाई, त्या दोघींच्या मधे एक बाई बसेल एवढी फट होती. आणि ती काही आजची नव्हती. मावशीचा पाय तळाच्या जाळ्यात अडकला, तेव्हा खाली जाऊन सोडवला कुणी? मी. पाण्याखालच्या काळ्या खडकाच्या पायथ्याशी पोचतं कोण? मावशी, आणि मी. चुकून? इतक्यांदा कुणी चुकतं का!

मी उठले... आणि त्या फटीकडे न जाता धक्क्याकडे पळत सुटले. ओल्या अंगानं, अनवाणी. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं.

जहाज बंधाऱ्याच्या पार गेलं होतं. छातीत मावेल तेवढा श्वास घेऊन मी तीच श्वासाची शिट्टी मारली. त्याला ऐकू गेली की नाही, देव जाणे. पावसात जहाजही दिसेनासं झालं.

परत येऊन मी त्या दोघींच्या मधे बसले. तिथं धूर नव्हता, तरी डोळे वाहत होते.

"काय गं, रडतेस?" मावशीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "माझा माणूस गेला. थांब म्हणायचं राहिलं."

मावशीनं भाजलेला शंख माझ्यापुढे सरकवला. "येईल की. आला की नीट तोंडानं सांग त्याला, थांब म्हणून."

"सांगेन," मी म्हटलं आणि तिच्याजवळ सरकले. वारा आता माझ्या पाठीला लागत होता.