कोलबेनची नखं

मेलेल्या माणसाची नखं कापल्याशिवाय आम्ही त्याला निरोप देत नाही. न कापलेल्या नखांचं एक जहाज बांधलं जातंय, आणि जग बुडायच्या दिवशी तो कपटी लोकी ते हाकत आमच्या देवांवर चालून येणार आहे. माझा भाऊ कोलबेन नखांसकट हिमनदीच्या भेगेत पडला होता. माझ्या घरचं एक नखही मी लोकीला मिळू देणार नव्हते! म्हणून तो पडल्याच्या नवव्या दिवशी आम्ही निघालो: मी, बार्दी मामा आणि व्हेमुंड. कोलबेन पडला तेव्हा व्हेमुंडच सोबत होता. जागा त्यालाच ठाऊक.

पहिल्या पावलापासून त्याची कुरकुर चालली होती. "मान मोडून जागच्या जागी गेला तो, आलोफ. आता दहा नखांसाठी तिघांनी मरायचं?"

"वीस," मामा म्हणाले. "पायांची धरली नाहीस तू."

दुपारी वारा उलटला. बर्फाचा चुरा डोळ्यांत जाऊ लागला. एकाच दोरीला बांधून, काठीनं चाचपत आम्ही पुढे सरकत होतो. एवढ्यात मामांच्या पायाखालचा बर्फ खचला! काखेपर्यंत आत गेले. आम्ही दोघांनी ओढून काढलं.

"थॉरदेवाला आज आपल्याकडे बघायला सवड नाही," मामा थुंकून म्हणाले.

भेगेशी पोचलो. मी वजनाला हलकी, म्हणून मी उतरले. वर दोरी धरून दोघं; पुढचा हात व्हेमुंडचा.

कोलबेन खाली बर्फाच्या पायरीवर बसला होता. बसलेला! मान सरळ होती. सुक्या माशांची पिशवी रिकामी पडली होती. भिंतीत एकावर एक सहा खोबणी खोदल्या होत्या, खाली मोडकी सुरी. मी कात्री काढली, त्याचा हात हातात घेतला. बोटांना नखंच नव्हती. बर्फ खरवडून खरवडून ती मुळापासून गेली होती.

किती दिवस जिवंत होता माझा भाऊ! आणि आम्ही घरी बसून त्याच्यासाठी रडत होतो.

"झालं का?" वरून व्हेमुंडनं विचारलं.

ओरडावंसं वाटलं. पण दोरी त्याच्या हातात होती. मी पायांची नखं कापली, थैलीत घातली, कोलबेनचं तोंड त्याच्याच झग्यानं झाकलं.

"झालं. ओढा."

काठापासून दूर आल्यावरच मी बोलले. "हातांची उरलीच नव्हती, मामा. वर चढायला बघत होता तो."

व्हेमुंड जागीच थांबला. "हाका मारत होता. मी घाबरून पळालो. मग घरी काय सांगणार होतो?"

मामा त्याच्या कमरेच्या दोरीची गाठ सोडू लागले. "चालू दे याला मोकळा. भेगा पुष्कळ आहेत."

मलाही तेच हवं होतं. त्याच्याकडे बघून मला शिसारी येत होती. तरी मी मामांचा हात बाजूला केला आणि गाठ पुन्हा आवळली.

"नाही मामा. हे त्यानं गावाच्या सगळ्या सभेपुढे उभं राहून सांगायचं."

उतरताना तो दोनदा भेगेत घसरला. दोन्ही वेळा मी त्याला ओढून वर काढलं.